उपाहारगृहांचे नवे गिऱ्हाईक आणि बदलापूरचे जांभूळ

फळाचा बाजार म्हटला की कल्याणची बाजारपेठ किंवा रेल्वे स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसणे, एवढाच विचार सामान्यतः केला जातो. अलीकडच्या काळात मात्र आणखी एक गिऱ्हाईक पुढे आले आहे. ते म्हणजे आपल्या प्रदेशातील हंगामी मालावरच पदार्थ बेतणारे उपाहारगृह. हे गिऱ्हाईक माल थोडा घेते, पण तो कोठला व कोणी पिकविला याची चौकशी करते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील शेतकऱ्यांना त्याचा लाभ कसा घेता येईल, याची माहिती येथे दिली आहे.

हे उपाहारगृह वेगळे कसे?

नेहमीच्या उपाहारगृहात आधी पदार्थांची यादी ठरते आणि मग त्याप्रमाणे बाजारातून माल आणला जातो. येथे क्रम उलटा असतो. शेतात त्या आठवड्यात काय तयार आहे ते आधी पाहिले जाते व त्यावरून पदार्थ ठरतात. बहुधा स्वयंपाक करणारा तज्ज्ञच मालक किंवा भागीदार असतो. त्यामुळे मालाची पारख व खरेदीचा निर्णय एकाच माणसाच्या हाती राहतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अ‍ॅलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये ‘शे पानीस’ हे उपाहारगृह काढले. जवळपासच्या शेतकऱ्यांशी कायमचे संबंध जोडून त्यांचाच ताजा माल वापरण्याची प्रथा त्यामुळे पुष्कळांच्या परिचयाची झाली. मुंबईत लोअर परळ येथे २०१५ मध्ये ‘द बॉम्बे कँटीन’ सुरू झाले. मुंबईत जन्मलेले व न्यूयॉर्कमध्ये नावारूपास आलेले पाकतज्ज्ञ फ्लॉइड कार्डोझ (निधन २०२०) हे त्याचे एक भागीदार होते. देशातील प्रांतोप्रांतीचे पदार्थ व हंगामी भाजीपाला यांना तेथे मानाचे स्थान मिळाले. नाशिकजवळ १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुला या उद्योगाने द्राक्षमळा, वाइन व भोजन यांची एकाच ठिकाणी सांगड घातली.

या पट्ट्याची जमेची बाजू

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पळसाच्या पानांच्या द्रोणातून विकले जाणारे हे फळ मुंबईच्या ग्राहकाला नावाने ठाऊक आहे. बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. म्हणजे पहाटे तोडलेले फळ दुपारपूर्वी मुंबईच्या स्वयंपाकघरात पोहोचू शकते. शिवाय १९४९ मध्ये नामकरण झालेले, सिंधी निर्वासितांनी वसविलेले उल्हासनगर तर शेजारीच आहे. खाण्यापिण्याची आवड असलेली ही पेठही दुर्लक्षू नये.

मानांकनाचे नाव वापरावयाचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. बाहेरचे फळ बदलापूरच्या नावाने विकल्यास एका दिवसाचा फायदा होईल, पण सर्वांचे नाव जाईल.

तोडणी व हाताळणी

जांभूळ झाडावरच पिकते. कच्चे तोडल्यास ते आंब्याप्रमाणे अढीत पिकत नाही. म्हणून पूर्ण काळसर-जांभळ्या रंगाची फळे रोजच्या रोज, सकाळच्या थंड वेळी तोडावीत. फांद्या झोडपून फळ जमिनीवर पाडू नये. फुटलेल्या फळाला माती लागते व ते लगेच आंबते. खांद्याला झोळी अडकवून हाताने तोडणी करावी. जांभळाची फांदी ठिसूळ असते. तिच्यावर भरवसा ठेवून चढल्याने अपघात होतात. पालघर जिल्ह्यातील बहाडोली येथे झाडाभोवती बांबूची परांची बांधून तोडणी करतात. ती पद्धत अनुकरणीय आहे.

तोडलेले फळ सावलीत ठेवून निवडावे आणि उथळ क्रेटमध्ये पातळ थरात भरावे. साध्या हवेत ते एकदोन दिवसच चांगले राहते. गर काढावयाचा असल्यास स्टेनलेस स्टीलची भांडी वापरावीत. लोखंडाशी संबंध आल्यास तुरट द्रव्यामुळे गर काळवंडतो. बी काढलेला गर उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात गोठवून ठेवल्यास हंगाम संपल्यावरही उपाहारगृहाला पुरविता येतो.

पुरवठ्याचा हिशोब

पूर्ण वाढलेल्या रोपाच्या झाडापासून साधारणपणे ८० ते १०० किलो फळ मिळते. एका झाडाचे ८० किलो फळ २५ दिवसांत निघाले असे धरल्यास दिवसाला सरासरी ३ किलोच्या आसपास पडते. एखाद्या उपाहारगृहाने रोज १२ किलो मागितल्यास हिशोबाने ४ झाडे पुरतील. परंतु हंगामाच्या आरंभी व अखेरीस फळ कमी निघते आणि वळवाच्या सरीने नुकसान होते. हे ध्यानात घेऊन ६ झाडे हाताशी असल्याखेरीज शब्द देऊ नये. बांधावर एकदोन झाडे असलेल्यांनी गट करून एकत्र पुरवठा करणे हाच मार्ग होय. दर, वजन, पोहोचविण्याची वेळ व परत आलेल्या मालाची जबाबदारी या चार गोष्टी आधी लेखी ठरवाव्यात.

जांभळाची वाइन

द्राक्षाखेरीज जांभळासारख्या फळांपासूनही वाइन तयार होते. गरात साखरेचे प्रमाण योग्य करून यीस्ट मिसळतात. यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. नंतर गाळ खाली बसू देऊन वरचा द्रव काढतात व मुरवतात. फळातील रंगद्रव्यामुळे वाइनला गडद रंग येतो व तुरटपणामुळे वेगळी चव येते. आकाराने लहान म्हणून बाजारात मागे पडणारे फळ येथे चालते, मात्र ते पिकलेले, स्वच्छ व बुरशीरहित असलेच पाहिजे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय वाइन तयार करणे वा विकणे हा गुन्हा आहे. शेतकऱ्याने घरी प्रयोग न करता परवानाधारक कारखान्याला फळ किंवा गर पुरवावा.

हंगामानंतर काय?

जांभूळ संपत येते त्याच सुमारास पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात. पाठोपाठ टाकळा, फोडशी, कुर्डू, भारंगी व कंटोली येतात. आदिवासी भगिनी या रानभाज्या उत्तम ओळखतात. शेवळे खाजरी असतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवितात. भाजीबरोबर ही कृतीही उपाहारगृहाला सांगावी, कारण शहरातील स्वयंपाक्याला ती ठाऊक असेलच असे नाही. ज्या भगिनींचे हे ज्ञान आहे त्यांनाच गटात घेऊन मोबदल्याचा न्याय्य वाटा द्यावा. कंद मात्र जमिनीत राहू द्यावा, म्हणजे पुढील वर्षी भाजी पुन्हा मिळेल.

झाड राहिले तर

बदलापूर परिसरात घरबांधणी वाढली आहे आणि जुन्या जांभळांवर कुऱ्हाड पडण्याचा धोका आहे. नगरपालिका हद्दीत १९७५ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण केवळ कायद्याने झाड टिकत नाही. त्याच्या फळाला योग्य दाम मिळाला तरच मालक ते राखील. रोपापासून वाढविलेले जांभूळ फळावर येण्यास ८ ते १० वर्षे लागतात. म्हणजे आज तोडलेल्या झाडाची भरपाई लगेच होऊ शकत नाही. ग्रामसेवक व कृषि सहायकांनी गावातील फळत्या जांभळांची मोजणी करून यादी तयार करावी, चांगल्या फळाच्या झाडांवर खूण करावी आणि त्यांच्या काड्यांपासून कलमे करून घ्यावीत. कलमी झाडे १० मीटर अंतरावर लावावीत. गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी ही यादी हाती असणे अगत्याचे आहे.