वेब्ली रिव्हॉल्व्हर

वेब्ली रिव्हॉल्व्हर : ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्यांचे कमरेचे शस्त्र. बर्मिंगहॅम येथील वेब्ली कारखान्याचा पहिला नमुना सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारला. व्यास .४५५ इंच (सु. ११.६ मिमी.), काडतुसे सहा.

रचना व कार्य : नळीमागील फिरत्या कोठीत सहा घरे असून प्रत्येकात एक काडतूस बसते. चाप ओढला की घोडा मागे जातो, त्याच हालचालीने कोठी एक घर पुढे फिरते व नंतर घोडा सुटून काडतुसाच्या बुडावर आदळतो. घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवल्यास चाप हलका लागतो आणि नेम अधिक साधतो.

खरे वैशिष्ट्य सांगाड्यात आहे. वरचा रिकिबीच्या आकाराचा खटका दाबताच नळी व कोठी बिजागरीवर खाली झुकतात आणि मधली तारकाकृती चकती सर्व रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलून टाकते. तत्कालीन अनेक रिव्हॉल्व्हरांत पुंगळ्या दांडीने एकेक करून ढकलाव्या लागत. ही कल्पना मूळची वेब्लीची नव्हे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी ती १८७० च्या सुमारास वापरली होती. वेब्लीचा खटका मात्र अधिक भक्कम होता. तो पूर्ण बसला नसेल, तर घोडा काडतुसापर्यंत पोहोचतच नसे. तरीही दुभंगणारा सांगाडा अखंड सांगाड्याइतका दाब सोसत नाही. म्हणून मोठी, जड (सु. १७ ग्रॅ.) पण मंदगती गोळी त्याला मानवली.

अंगावर धावून येणाऱ्यास जागीच थांबविणारी गोळी हवी, ही मागणी वसाहतींतील लढायांतून आली. एतद्देशीय योद्ध्यांविषयीचा ग्रह तीत उघड दिसतो. १८९८ मध्ये पोकळ तोंडाची गोळी देण्यात आली, परंतु प्रसरण पावणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानंतर १९०० मध्ये ती मागे घ्यावी लागली.

सर्वांत परिचित सहावा नमुना १९१५ चा : नळी ६ इंच (सु. १५ सेंमी.), वजन सु. १.१ किग्रॅ. खंदकांच्या चिखलातही तो भरवशाचा ठरला. सहाही काडतुसे एकदम भरण्याचे प्रिडो यांचे साधन त्यासाठी उपलब्ध होते.

युद्धोत्तर काळात सैन्याला हलके, नवशिक्यास झेपणारे .३८ इंची शस्त्र हवे होते. वेब्लीने आराखडा दिला. सरकारने तो आपल्या एनफील्ड कारखान्यात फेरफार करून १९३२ मध्ये स्वतःचा नमुना स्वीकारला. वेब्लीने दावा केला व तिला १,२५० पौंड मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात तुटवडा पडला, तेव्हा त्याच सरकारने वेब्लीचे .३८ इंची रिव्हॉल्व्हर विकत घेतले. १९५४ मध्ये ब्रिटनने ब्राउनिंग स्वयंचलित पिस्तूल स्वीकारल्यावर रिव्हॉल्व्हरे हळूहळू मागे पडली. कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यांनी नागरी परवानाधारकांसाठी बनविलेल्या .३२ इंची रिव्हॉल्व्हरांत (उदा., २०१४ चे ‘निर्भीक’) वेब्लीचा हाच झुकणारा सांगाडा आढळतो.