‘आय-सेव्हन आहे, चार जीबीचं कार्ड आहे, अजून काय पाहिजे?’

कलेची सीईटी पार पडून उपयोजित कलेला प्रवेश मिळाला, की बऱ्याच घरांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची फेरी ठरते. मुलाला फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरवर सबमिशनं करायची असतात आणि, घरी बोलला नसला तरी, रात्री व्हॅलोरंटही खेळायचा असतो. दुकानदार कोटेशन लिहून देतो: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. रक्कम बजेटात बसते. वडील खूश, मुलगाही खूश. त्या कागदावरचा एकही शब्द खोटा नसतो, आणि तरीही मशीन वर्षभरात रडकुंडीला आणू शकतं.

इंटेलच्या नावातले ३, ५, ७ हे आकडे एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची प्रतवारी सांगतात. पिढी कोणती, हे त्यापुढच्या आकड्यात असतं, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच वाचत नाही. आय-७ २६०० हा दुसऱ्या पिढीचा, जानेवारी २०११ मध्ये आलेला. आय-३ १२१०० बाराव्या पिढीचा, २०२२ मधला. दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. पण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरची काम उरकण्याची ताकद इतकी वाढली, की हा ‘तीन’ त्या ‘सात’ला सहज मागे टाकतो.

ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशीनचे भाग नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये बसवून विकणं हा लॅमिंग्टन रोडवर काय, दिल्लीच्या नेहरू प्लेसला काय, उघड चालणारा धंदा आहे. त्यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. टॅली, टायपिंग आणि ऑनलाइन तासांसाठी ती मशीन छान चालतात. अडचण येते ती पुढे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर स्वीकारतं. इकडचंतिकडचं करून जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवतातही. मात्र विंडोज ११ वर व्हॅलोरंटची चीटिंग रोखणारी यंत्रणा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागते. जुन्या मदरबोर्डावर त्या नसल्या, तर गेम सुरूच होत नाही. ज्या खेळासाठी मुलाने आय-सेव्हनचा हट्ट धरला, तोच त्या आय-सेव्हनवर चालत नाही.

ग्राफिक्स कार्डाचंही असंच. ‘किती जीबीचं?’ हा पहिला प्रश्न आणि बहुतेकदा शेवटचाही. जीटी ७३० चार जीबीमध्ये मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा चार जीबीमध्येच. पण ६४-बिट डीडीआर३ मेमरीच्या ७३० मधून सेकंदाला साधारण १४ जीबी माहिती ये-जा करते, तर जीडीडीआर५ मेमरीच्या १६५० मधून १२८ जीबी. शिवाय ७३० मध्ये फार तर ३८४ कोअर, १६५० मध्ये ८९६, आणि तेही नव्या घडणीचे. कार्डावरची मेमरी ही साठवणीची जागा असते. गेमची चित्रं आणि पोत तिथे मावले नाहीत, तर गेम अडखळतो हे खरं, पण रिकाम्या जागेने वेग वाढत नाही. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आलं, चिप तीच. १०८० पिक्सेलवर बहुतेक गेममध्ये दोघांत फरक जाणवत नाही. भारी टेक्स्चरचे नवे गेम किंवा ब्लेंडरमधला अवजड सीन असेल, तेव्हा जास्तीची मेमरी उपयोगी पडते.

आता घरच्यांना पटवणारा युक्तिवाद: ‘बाबा, डिझाइनसाठी मोठं कार्ड लागतंच.’ फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरचं बरंचसं काम प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. झूम-पॅन, काही फिल्टर आणि एआयवरची काही साधनं कार्डाचा आधार घेतात, पण त्यासाठी मध्यम कार्डही पुरतं. रॅमची गोष्ट वेगळी. फोटोशॉपसाठी अडोबी किमान ८ जीबी सांगते आणि १६ किंवा जास्त असावी असं सुचवते. पोस्टरची फाइल, ब्राउझरमधले वीस टॅब आणि मागे वाजणारी गाणी एकत्र आली, की ८ जीबी कधी संपली ते कळतही नाही. कार्ड खरोखर कामाला लागतं ते त्रिमितीय कामात. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरमध्ये चांगलं कार्ड प्रोसेसरच्या कित्येक पट वेगाने चित्र काढतं, आणि तिथे एनव्हिडियाला ऑप्टिक्स या स्वतःच्या रेंडर-तंत्रामुळे एएमडीवर सहसा आघाडी मिळते. निव्वळ गेमसाठी मात्र एएमडीचं कार्ड अनेकदा त्याच पैशात जास्त देतं. ‘डिझाइनला क्वाड्रोच हवं’, म्हणजे एनव्हिडियाचं व्यावसायिक कार्डच हवं, हा सल्लाही आता शिळा झाला: क्वाड्रोसाठी राखून ठेवलेली फोटोशॉपमधली ३०-बिट रंगांची सोय जुलै २०१९ मध्ये स्टुडिओ ड्रायव्हरमधून साध्या जीफोर्स कार्डांनाही मिळाली. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलाने महागडं कार्ड मागितलं, तर ते गेमसाठी आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकावं. त्यात गैर काही नाही.

कार्ड नंतर घेऊ असं ठरलं, तर प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आय-५ १२४००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्ड लावेपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही. उलट रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे. ते मेमरी रॅममधून उसनी घेतं, म्हणून तिथे १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्यांवर गेम ठळकपणे सुधारतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे ‘एकच पट्टी घ्या, दुसरी नंतर टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. कार्ड असेल तर तो चालून जातो, ५६००जी सोबत नाही. आणि ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय बहुधा कमी वेगानेच धावते. पट्टीवरच्या रंगीत दिव्यांनी वेगात काही भर पडत नाही.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे ८५० वॅटचा घेतला की लाइट बिल वाढतं. तसं नाही, मशीनला लागते तेवढीच वीज तो ओढतो. दुसरा अधिक धोक्याचा: कॅबिनेटसोबत फुकट आलेल्यावर ४५० लिहिलंय, म्हणजे झालं. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आय-५ १२४०० ला भरात ११७ वॅट. बाकी सगळं धरूनही हे मशीन ३०० वॅटच्या आसपास राहतं. नावाजलेला ५५० वॅटचा एसएमपीएस त्याला भरपूर झाला, फुकटच्या ४५० वर मात्र भरवसा ठेवता येत नाही. ‘८० प्लस’चा शिक्का कार्यक्षमता सांगतो, आतल्या भागांचा टिकाऊपणा नाही.

सगळं ठरवून झाल्यावर उरलेल्या पैशांत मॉनिटर घेतात, आणि डिझाइनच्या विद्यार्थ्याचं खरं नुकसान तिथे होतं. स्वस्त पॅनलवर ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम ६० ते ६५ टक्के. त्यावर रंगवलेला भगवा छापखान्यातून भलताच होऊन येतो आणि दोष प्रिंटरवाल्याला लागतो. (छपाईचे सीएमवायके रंग चांगल्या मॉनिटरशीही तंतोतंत जुळत नाहीत, पण अंदाज तरी येतो.) गेमिंगचा मॉनिटर डिझाइनला चालत नाही, हेही आता खरं नाही. १४४ हर्ट्झचे, एसआरजीबी जवळपास पूर्ण दाखवणारे आयपीएस पॅनल सहज मिळतात. कार्ड एक पायरी खालचं घेऊन तो पैसा इथे घातला, तर सबमिशन आणि व्हॅलोरंट दोन्ही सुधारतात.

एवढं करून मशीन घरी येतं, आणि कॅबिनेटला हात लागताच बोटांना मुंग्या येतात. ‘मदरबोर्डमधून करंट येतोय’ म्हणून दुकानदाराला फोन जातो. बहुधा दोष मदरबोर्डचा नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडी वीज कॅबिनेटकडे येते आणि तिने अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचं असतं. जुन्या इमारतींत सॉकेटचं वरचं मोठं भोक असतं, मागे तार जोडलेलीच नसते. अशा वेळी बोर्ड बदलायला लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं.