नवऱ्याबरोबर परदेशी निघालात? आधी कागद, मग बॅग!

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी माझी भाची घरी आली. "जयभीम मामा," म्हणाली आणि पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढून तिने माझ्यासमोर ठेवला. आमचे जावई दोन वर्षांपासून शारजाला एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. त्यांचा पगार वाढला, कंपनीने आणखी दोन वर्षांचा करार केला आणि त्यांनी तिला कळवले, "आता तूही ये. दोन वर्षे मिळून राहू, मग दोघेही परत येऊ."

ही बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणाले, लोणचे ने. कोणी म्हणाले, काळा मसाला इथूनच कुटून ने. कुकर किती लिटरचा न्यावा यावर शेजारणींची अर्धा तास चर्चा झाली. पण "पोरी, तुझे लग्न नोंदवले आहे का?" असे एकानेही विचारले नाही. मी फोल्डर उघडला. पासपोर्ट होता, आधार कार्ड होते, लग्नाचा फोटो होता आणि विहारातून मिळालेले विवाहाचे प्रमाणपत्र होते. सरकारी नोंदणीचा कागद नव्हता. लग्नाला तीन वर्षे झाली होती.

मी कारकून माणूस. आयुष्य फाइलींत गेले. म्हणून या कामात आमचे कोठे अडले आणि ते कसे सुटले, हे आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो. आपल्यातील अनेक मुले आखाती देशांत कामाला आहेत. काहींच्या बायका आज ना उद्या तिकडे जातील. त्यांना याचा उपयोग व्हावा.

लग्न लागले, पण नोंदले का?

बौद्ध पद्धतीने, बौद्धाचार्यांच्या हस्ते लागलेले लग्न पूर्णपणे कायदेशीर आहे. त्याबद्दल कोणी मनात शंका ठेवू नये. परंतु लग्न कायदेशीर असणे वेगळे आणि त्याचा सरकारी पुरावा हातात असणे वेगळे. विहाराचे किंवा संस्थेचे प्रमाणपत्र हा विधी झाल्याचा पुरावा आहे. परदेशी सरकारला मात्र आपल्या सरकारच्या निबंधकाचे प्रमाणपत्र लागते.

आपल्या राज्यात त्यासाठी १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात ही नोंदणी होते. 'नमुना ड' नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यावर वर-वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारी व्यक्ती यांच्या सह्या लागतात. लग्नानंतर ९० दिवसांत गेलात तर काम सोपे असते. उशीर झाला तरी नोंदणी होते, जादा शुल्क भरावे लागते.

आमची खरी अडचण शुल्काची नव्हती. लग्न लावणारे बौद्धाचार्य मुलाकडे दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले होते. एक साक्षीदार वारला होता, म्हणून दुसरा उभा करावा लागला. जावई तिकडे, बायको इकडे. सहीसाठी ते रजेवर येईपर्यंत थांबावे लागले. दोन शनिवार बौद्धाचार्यांचा पत्ता शोधण्यात गेले. ते भेटले तेव्हा थरथरत्या हाताने सही करत म्हणाले, "मी प्रत्येक लग्नात सांगतो, नोंदणी करा. लोक जेवायला पळतात."

तात्पर्य हेच, की परदेशी जायचे असो वा नसो, लग्नाच्या मांडवातच तो अर्ज भरून घ्यावा. लग्न लावणारे व साक्षीदार सगळे तिथेच हजर असतात.

शिक्क्यांची वाट

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले नाही. प्रमाणपत्रावर दोघांची नावे इंग्रजीत, पासपोर्टप्रमाणे अक्षर अन् अक्षर जुळतील अशी घालून घ्यावीत. त्यानंतर त्या कागदाला राज्य शासनाचे साक्षांकन, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचे, मग संयुक्त अरब अमिरातीच्या वकिलातीचे आणि तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन लागते. शिवाय अधिकृत अरबी भाषांतर करावे लागते.

पुष्कळ देशांना 'अपोस्टिल' नावाचा एकच शिक्का पुरतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे. पण अमिराती त्या करारात नाही, म्हणून तिथे ही लांबची वाट आहे. जर्मनीने तर भारताच्या अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांची पद्धत आणखी वेगळी. म्हणून शेजारच्या अमक्याने काय केले यावर जाऊ नका. आपण ज्या देशात जाणार त्याच देशाचा नियम विचारा. एजंटाकडून काम करून घेतले तर पावती घ्या आणि मूळ कागद देण्यापूर्वी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा.

नाव एक, कागद अनेक

आपल्याकडे मुलीचे नाव लग्नानंतर बदलायचा रिवाज आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, बँकेत तिसरेच आणि आडनावाचे स्पेलिंग दोन प्रकारचे! भाचीचे असेच होते. नशीब, की तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाने निघाला होता आणि तिचे शिक्षणाचे सगळे कागदही त्याच नावाने होते. मी म्हणालो, "आता काहीही बदलू नकोस."

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ज्यांनी बदलले असेल त्यांनी राजपत्रात प्रसिद्ध करून सर्व कागद एकाच नावावर आणावेत. अर्धवट बदल सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला हे मूळ कागद तिकडे नेऊ नका. त्यांचे तिथे काही काम नाही, आणि हरवले तर उद्या मुलांच्या वेळी आपल्यालाच कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील.

दोन चुलींची एक चूल

अमिरातीत बायकोला आणायचे तर नवऱ्याचा पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा, अशी अट आहे. व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे तो प्रायोजक आणि ती आश्रित. ती तिथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि मग अमिराती ओळखपत्र मिळते. २०२२ पासून पासपोर्टवर निवासाचा शिक्का मारत नाहीत, ते ओळखपत्र हाच पुरावा. ते सांभाळून ठेवावे.

परंतु पगाराची अट पूर्ण झाली म्हणजे संसार परवडला असे नाही. एकटा माणूस तिथे 'बेड-स्पेस' घेऊन, म्हणजे एका खोलीत पाच-सहा जणांत एक खाट घेऊन राहतो. बायको आली की वेगळी खोली, तिचा करार, वीज-पाणी, तिचा विमा हे सगळे येते. नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बायको असतेच असे नाही. ते आधी विचारून घ्या.

भाचीच्या सासूबाई यावरूनच नाराज होत्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, पोरगा दर महिन्याला पैसे पाठवतो, त्यावर धाकटीचे शिक्षण चालले आहे. ही गेली की पाठवणार काय?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. आम्ही कागद घेतला आणि जावयांना फोन लावून खर्च लिहून काढला. घरी जाणारी रक्कम निम्म्यावर येणार हे स्पष्ट दिसले. तेव्हा ठरले, की धाकटीची फी ठरलेल्या तारखेला येईलच, बाकी खर्चाला कात्री लावायची. हे जाण्याआधी बोलले गेले म्हणून बरे. न बोलता गेली असती तर दोन महिन्यांनी सगळा दोष सुनेच्या माथी आला असता.

शिकलेल्या मुलीने काय करावे?

आता मुख्य गोष्ट. माझी भाची डीएमएलटी झालेली आहे. एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासणीचे काम करत होती. माझ्या बहिणीने लोकांची धुणीभांडी करून तिची फी भरली. ती मला म्हणाली, "दादा, तिकडे जाऊन चपात्याच लाटायच्या होत्या तर मी हिला शिकवली कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. मग आम्ही चौकशी केली.

नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला अमिरातीत नोकरी करता येते, मात्र नोकरी देणाऱ्याने तिच्यासाठी कामाचा परवाना काढला पाहिजे. परवान्याशिवाय किंवा पर्यटक व्हिसावर काम करणे गुन्हा आहे. सगळीकडेच असे नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पत्नीला एफ-२ व्हिसावर नोकरी करताच येत नाही. ब्रिटनमध्ये तर १ जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्स अभ्यासक्रमाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार नेताच येत नाही. पीएचडीसारखे संशोधन करणाऱ्यांना नेता येतो. म्हणून व्हिसाचे नाव कळले की पहिला प्रश्न हा विचारावा: "यावर मला काम करता येईल का?"

नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांना अमिरातीत आरोग्य खात्याचे लायसन्सही लागते. त्यासाठी शिक्षणाची आणि अनुभवाची पडताळणी थेट आपल्या कॉलेजकडे व जुन्या मालकाकडे केली जाते. कामात दोन वर्षांहून जास्त खंड पडला तर अडचण येते. म्हणून निघण्यापूर्वी अनुभवाचे पत्र लेटरहेडवर, तारखांसह, सही-शिक्क्याने घ्यावे. भाचीच्या लॅबवाल्याने पत्र द्यायला तीन आठवडे फिरवले. एके दिवशी तिची आई स्वतः जाऊन त्यांच्या दारात बसली, तेव्हा पत्र मिळाले. तिकडे गेल्यावर आईला कुठून आणणार होती?

ज्या भगिनी सरकारी नोकरीत आहेत त्यांनी घाईने राजीनामा देऊ नये. बिनपगारी असाधारण रजेची तरतूद आहे. ती मंजूर होईलच असे नाही, पण आधी अर्ज करावा. परदेशी जाण्याची परवानगीही कार्यालयाकडून लेखी घ्यावी.

स्वतःच्या हातात काय ठेवावे?

व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम संपतो. म्हणून परतीच्या तिकिटाएवढे पैसे बायकोने स्वतःच्या नावावरील खात्यात वेगळे ठेवावेत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणे तिथल्या कायद्याने चूक आहे, मग घरात तो कोणी लपवून ठेवणे हेही चूकच. अडचण आली तर दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जाता येते, शारजाचे लोकही त्यांच्याच कक्षेत येतात.

बाळंतपणाला माहेरी यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. सलग सहा महिन्यांहून जास्त काळ अमिरातीबाहेर राहिल्यास निवासाचा व्हिसा सहसा रद्द होतो.

इथले बचत खाते बँकेला कळवून एनआरओ करून घ्यावे. एलआयसीचा हप्ता कोण भरणार, वारसनोंद कोणाची आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे. आणि मतदार यादीतील नाव वाऱ्यावर सोडू नये. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला 'नमुना ६-अ' भरून नाव ठेवता येते, मतदान मात्र इथे येऊनच करावे लागते.

बॅगेत काय नको

काळा मसाला जरूर न्या, पण त्यात खसखस नको! अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, ती अफूच्या झाडाची म्हणून. आपल्या बायका सवयीने मसाल्यात, लाडवात खसखस घालतात. भाचीच्या आत्याने केलेले डिंकाचे लाडू या एका कारणाने इथेच राहिले. गुटखा तर नकोच नको. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. रोजची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की व्हॉट्सॲपवरचा कॉल तिथे लागत नाही. मेसेज जातो. बोलण्यासाठी तिथे परवानगी असलेली बोटिमसारखी ॲप्स आहेत. सासूबाईंच्या मोबाइलमध्ये ते टाकून, शिकवून मगच निघा. नाहीतर पहिल्याच रात्री "सून फोन उचलत नाही" म्हणून गैरसमज होतो.

शेवटी

१९१३ साली बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, १९२० साली पुन्हा लंडनला गेले. दोन्ही वेळा माता रमाई मागे राहिल्या आणि त्यांनी हालअपेष्टांत संसार ओढला. त्यांच्यापुढे बरोबर जाण्याचा प्रश्नच नव्हता. आज आपल्या लेकीसुनांपुढे तो पर्याय आहे. पण गेली म्हणजे तिचे शिक्षण, तिचे नाव आणि तिची कमाईची ताकद मागे राहू नये, एवढे आपण पाहिले पाहिजे.

भाची दिवाळीनंतर गेली. लायसन्सचा अर्ज तिने भरला आहे, पडताळणी अजून चालू आहे. नोकरी लागेल की नाही, ते आज सांगता येत नाही. विमानतळावर माझ्या बहिणीने डब्याची पिशवी माझ्याकडे दिली आणि कागदांची फाइल मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या छातीशी धरून ठेवली. आत जाताना ती लेकीच्या हातात देऊन म्हणाली, "डबा विसरलीस तरी चालेल. ही विसरू नको."