आजी, पोट बघू का?

माझ्या पाठीवर गेल्या महिन्याभरात इतक्या वेळा टकटक झालीय की आता कुणी दार वाजवलं तरी मी आधी खोल श्वास घेते. याला कारण माझी रूममेट. ती एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वॉर्डची पोस्टिंग सुरू झालीय आणि आमच्या खोलीत पेशंट व्हायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

टकटक म्हणजे परकशन. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर घट्ट टेकवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोका द्यायचा. तोही मनगटातून, कोपरातून नाही. खाली हवेने भरलेलं फुप्फुस असेल तर पोकळ आवाज येतो, यकृत असेल तर बद्द. सोपं वाटतंय ना? मी करून बघितलं. बोट दुखलं आणि आवाज सगळीकडे सारखाच आला. रूममेटने आधी टेबलावर सराव केला, मग भिंतीवर, मग पिठाच्या डब्यावर. पीठ कुठपर्यंत आहे हे झाकण न उघडता सांगायचं! ही आयडिया आपलीच, असं तिला वाटत होतं. पण व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने परकशनची पद्धत १७६१ मध्येच पुस्तकात मांडली होती. त्याच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंपात दारू किती उरलीय हे ठोकून बघायची तिथे पद्धत होती, असं सांगतात. त्याच्याकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर झालं, तेव्हा कुठे टकटकीला भाव आला.

कॉलेजात स्किल लॅबही असते. तिथे पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत सीपीआर शिकायचं. २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रम बदलला. पहिल्या वर्षापासूनच पेशंटशी गाठ पडते, पेशंटशी कसं बोलायचं, परवानगी कशी घ्यायची याचेही तास असतात आणि काय काय येतं त्याची नोंद लॉगबुकमध्ये करून सही घ्यावी लागते. पुतळ्याचं एक बरं असतं, त्याला गार हात लागत नाहीत. वॉर्डात मात्र आधी तळवे चोळून गरम करायचे, पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं आणि पोट दाबताना नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. दुखलं तर आधी तिथेच कळतं.

पण खरी पंचाईत त्याच्याही आधी होते, बोलताना. पुस्तक इंग्रजी, पेशंट मराठी. ‘पेनचं कॅरेक्टर काय?’ असं विचारलं तर समोरची बाई तुमचंच कॅरेक्टर काढेल! म्हणून रूममेटने वहीच्या मागच्या पानावर एक यादी केलीय. मुरडा म्हणजे थांबून थांबून येणारी पोटातली कळ. ठणका म्हणजे पू झालेल्या जागी नाडीसारखं ठण ठण दुखतं ते. चमक, जळजळ, मुंग्या, आणि ‘गोळा उठतो’. एवढे शब्द तर आपण आजीकडून लहानपणापासून ऐकतो. तेच आता निदानाच्या कामी येतात, हे मला फारच भारी वाटलं. ‘दम लागतो का?’ याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘पाण्याची कळशी घेऊन घरापर्यंत येताना मध्ये टेकावं लागतं का?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

मग त्या आजी. बायकांच्या मेडिकल वॉर्डात होत्या, पानथरी म्हणजे प्लीहा चांगलीच वाढलेली. मेडिकलच्या भाषेत ‘गुड केस’. (आजारी माणसाला चांगली केस म्हणायचं, हे मला अजून पचलेलं नाही.) बातमी बॅचभर पसरली. रूममेट पोहोचली तेव्हा दुपार झाली होती. तिने हात चोळले, पडदा ओढला आणि विचारलं, “आजी, पोट बघू का?” आजींनी लुगड्याचा पदर घट्ट केला. “सकाळपासून सातवी तू पोरी. पोट आहे का कणीक? आता पुरे.”

ती ‘बरं’ म्हणाली. पाण्याचा ग्लास आजींच्या हाताशी सरकवला आणि परत आली. दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी विचारलं, प्लीहा बरगडीखाली किती सेंटिमीटर? हिने सांगितलं, तपासली नाही, आजी नाही म्हणाल्या. बाकीच्यांकडे आकडा होता. सर म्हणाले, “मग तुझी केस झालीच नाही.” सही मिळाली नाही.

त्या रात्री ती माझ्यावरच चिडली होती. “त्या सहा जणांना उद्या पेशंटची प्लीहा कळेल, मला नाही कळणार. मग माझ्या पेशंटने काय करायचं?” मी म्हटलं, पण आजी नाही म्हणाल्या ना? “हो ना. तेच तर!”

काल परत माझी पाळी होती. मी पाय दुमडून झोपले, तिने उजव्या जांघेच्या वरून सुरुवात केली. माझ्या प्रत्येक श्वासागणिक तिरका वर सरकत तिचा हात डाव्या बरगडीपर्यंत गेला. काहीच लागलं नाही. निरोगी माणसाची प्लीहा हाताला लागतच नाही म्हणे. मी खूश झाले, तिने वही मिटली. आजींच्या कॉटवर आता दुसऱ्या बाई आहेत आणि लॉगबुकमधला तो रकाना अजून रिकामा आहे.