तळेच जेव्हा सरोवर बिघडवते

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ सरोवरे आहेत. शहरात पडलेला पाऊस छपरे, रस्ते आणि वाहनतळ धुऊन काढतो आणि शेवटी यांपैकीच कुठल्या तरी सरोवरात उतरतो. १९७२च्या स्वच्छ जल कायद्यात १९८७ साली दुरुस्ती झाली आणि या पाण्याची जबाबदारी स्थानिक पालिकांवर आली. आधी मोठ्या शहरांवर, मग १९९९च्या नियमांनी लहान शहरांवरही. पालिकांनी वस्त्यांमधून हजारो तळी खोदली. तळ्यात पाणी संथावते, गाळ बसतो आणि वरचे निवळ पाणी सरोवराकडे जाते, असा हिशेब होता.

गाळापुरता तो बरोबर ठरला. अडचण आली ती स्फुरदाची. शेतकरी जे स्फुरद पिकाला विकत आणून देतो, तेच सरोवरात शेवाळाचे खाद्य होते. एक किलो स्फुरदावर पाचशे किलोपर्यंत शेवाळ पोसू शकते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेतील संशोधकांनी जुन्या तळ्यांचे पाणी तपासले, तेव्हा अनेक तळी साठवलेले स्फुरद परत सोडताना आढळली.

उन्हाळ्यात अशा तळ्यापाशी उभे राहिले की पाणी दिसतच नाही. मसुरीएवढ्या हिरव्या पानांचा थर काठापासून काठापर्यंत पसरलेला असतो. भोवती दाट झाडी वाढलेली, त्यामुळे वाऱ्याने पाणी ढवळले जात नाही. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेले मीठही इथेच येते आणि खारे, जड पाणी तळाशी बसते. वरचा प्राणवायू खाली पोहोचत नाही. गाळातल्या लोहाने स्फुरद धरून ठेवलेले असते, पण प्राणवायू संपला की लोहाची ती पकड सुटते. विरघळलेले स्फुरद पुढच्या मोठ्या सरीबरोबर थेट सरोवरात जाते.

गाळ उपसावा, तर तोही सरळ मामला नाही. घरापुढच्या डांबरी फरशीवर मारायच्या कोळसा-डांबराच्या लेपातली कर्करोगकारक रसायने तळ्यांच्या गाळात सापडली. असा गाळ कुठेही टाकता येत नाही, त्याची विल्हेवाट महाग पडते. व्हाइट बेअर लेक या शहराने २०१० साली या लेपावर बंदी घातली आणि २०१४पासून ती राज्यभर लागू झाली. छोट्या पालिकेने राज्याला वाट दाखवली, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरा उपाय सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेतूनच आला. तळ्याच्या काठाशी वाळूचा चर खणायचा आणि वाळूत वजनाने पाच ते आठ टक्के लोखंडाचा कीस मिसळायचा. कीस गंजतो आणि पाण्यात विरघळलेले स्फुरद त्या गंजाला चिकटते. मात्र दोन पावसांच्या मधे चर कोरडा पडायलाच हवा. तो सतत भिजत राहिला, तर तिथेही प्राणवायू संपतो आणि तळाशी घडले तेच चरात घडते. म्हणून चर बांधून पालिकेचे काम संपत नाही, तो वर्षानुवर्षे राखावा लागतो. तळ्यांचेही तेच. रस्त्यांच्या डागडुजीसारखी तळ्यांच्या देखभालीलाही दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद हवी. नुसती खोदून सोडलेली तळी आज सरोवरांना महागात पडत आहेत.

खर्च वाचवायचा तर स्फुरद तळ्यात येण्याआधीच अडवावे लागेल. शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात शरद ऋतूत पावसाआधी रस्त्यांवरची पाने उचलली, तेव्हा त्या काळात रस्त्यावरून वाहून जाणारे स्फुरद ८४ टक्क्यांनी घटले. भिजलेले पान चहाच्या पुडीसारखे स्फुरद पाण्यात सोडते, आणि ते विरघळलेले असल्याने तळ्यात खाली बसतही नाही. मिनेसोटात आता नागरिक घरासमोरची गटाराची जाळी दत्तक घेतात, त्यासाठी नाव नोंदवतात आणि तिच्यावरची पाने स्वतः काढतात.