कीड ओळखणारा फोन आणि त्यातील निरोप्या

कपाशी फुलावर आली, की ताडकळस परिसरातील शेतकऱ्यास शेंदरी बोंडअळीचा विचार करावा लागतो. अळी एकदा बोंडात शिरली, म्हणजे फवारणीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. यास्तव पतंगांवरच नजर ठेवणे इष्ट होय.

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड देखरेख प्रणाली सुरू केली. तीत किडीचे छायाचित्र पाठविले असता कीड ओळखून उपाय सांगितला जातो. हे ज्ञान फोनमध्येच भरलेले असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः अशा सेवांत अंदाज बांधणारा संगणक बहुधा दूर असतो, व फोनमधील एक लहानसा तयार आज्ञासंच निरोप्याचे काम करतो. संगणकतज्ज्ञ त्यास ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात. तो छायाचित्र ठराविक रूपात बांधतो, पाठविणाऱ्याची ओळख पटवितो, रेंज तुटल्यास पुन्हा प्रयत्न करतो आणि आलेले उत्तर आपणापुढे ठेवतो.

परंतु पत्रातील मजकूर पोस्टमन सुधारीत नाही. अंधुक छायाचित्र गेले, तर उत्तरही त्यावरूनच येणार. आणि संगणक ‘ठाऊक नाही’ असे म्हणेलच असे नाही. शिकविलेल्या नावांपैकी जवळचे नाव तो सांगून मोकळा होतो! उत्तरासोबत खात्रीचे प्रमाण दिले असल्यास तेही अवश्य वाचावे.

वाधवानी एआय या संस्थेने कपाशीसाठी केलेल्या प्रणालीत पतंग मोजण्याचे काम रेंजविना फोनमध्येच होण्याची सोय ठेवली. खेड्यासाठी हीच रीत आम्हास अधिक उपयुक्त वाटते.

हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सापळ्यातील पतंग पांढऱ्या कागदावर, एकमेकांवर न येतील असे पसरून सावलीत छायाचित्र घ्यावे. मोजणी स्वतःही करावी. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ वा अधिक पतंग आढळल्यास नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. याशिवाय शेतात फिरून वीस हिरवी बोंडे फोडावीत; दोहोंत जिवंत अळी दिसली, तरी तोच अर्थ होतो. या आकड्यांआधी केलेल्या फवारणीत औषध व मजुरी दोन्ही वाया जातात.

फोनचे उत्तर व फोडलेले बोंड यांचा मेळ बसत नसेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने तशी बोंडे कागदी पिशवीत घालून, गावाचे नाव व तारीख लिहून, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांना दाखवावीत.