हमीपत्रावरची सही : परदेशी व्हिसा आणि आर्थिक आधाराचा पुरावा

४ जून १९१३ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदा संस्थानाच्या करारपत्रावर सही केली. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी सयाजीराव महाराज गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे बाबासाहेबांनी मान्य केले. परदेशी जाणाऱ्याचा भार कोण उचलणार, हे तेव्हाही लेखी ठरवावे लागत होते.

आज आपल्या खटाव-माण भागातील मुलेही शिकून परदेशी स्थायिक होतात आणि आईवडिलांना तिकडे बोलावू इच्छितात. अशा वेळी जे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते त्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. म्हणून अमेरिकेचे उदाहरण घेऊन आम्ही येथे थोडी माहिती देत आहोत.

आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा व्हिसा मागणारा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक आणि किमान २१ वर्षांची असावी लागते. अर्जासोबत 'आय-८६४' हे हमीपत्र द्यावे लागते. १९९६ च्या कायद्यानंतर, डिसेंबर १९९७ पासून, हे हमीपत्र म्हणजे न्यायालयात बजावता येणारा करार झाला आहे.

हमीदाराचे उत्पन्न सरकारने ठरविलेल्या दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. मुलगा, सून, एक नातू आणि येणारी आई असे चौघांचे कुटुंब धरले, तर २०२५ च्या दराने वर्षाला ४०,१८७ डॉलर उत्पन्न दाखवावे लागे. हा आकडा दरवर्षी बदलतो. मुख्य पुरावा म्हणजे गेल्या वर्षीचे आयकर विवरणपत्र. त्याच्या जोडीला नोकरीचा दाखला आणि पगारपत्रके जोडावीत. सुनेची कमाई धरायची असेल तर तिलाही वेगळ्या करारावर सही करावी लागते.

उत्पन्न कमी पडल्यास मालमत्ता दाखविता येते. पण आईवडिलांच्या बाबतीत ती तुटीच्या पाचपट लागते. पाच हजार डॉलर कमी पडत असतील तर पंचवीस हजारांची मालमत्ता हवी. येणाऱ्या आईची गावाकडील जमीनही चालते; मात्र एका वर्षाच्या आत, मोठे नुकसान न होता, तिचे रोख पैसे करता आले पाहिजेत. येथे आपल्या बांधवांनी सातबारा नीट वाचावा. १९५८ च्या कायद्याने महार वतन रद्द होऊन परत मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर तिच्या विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नुसत्या उताऱ्यावर अशी जमीन हिशेबात धरणे धोक्याचे आहे.

दुसरा मार्ग म्हणजे सहहमीदार. तो नातेवाईकच असला पाहिजे असे नाही. पण तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा आणि त्याच्या कुटुंबात येणाऱ्याला मिळवून होणारी मर्यादा त्याने स्वतः पुरी करावी. मुलाची सही तरीही लागतेच. एखाद्या मंडळाचे किंवा संस्थेचे पत्र हमीपत्राच्या जागी चालत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, व्हिसा मिळाला म्हणजे हमी संपली असे होत नाही. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावे सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत अथवा मरण पावेपर्यंत हमीदार बांधलेला राहतो. पत्नीसाठी दिलेली हमी घटस्फोटानेही सुटत नाही. आलेल्या व्यक्तीने गरिबांसाठीची काही सरकारी मदत घेतली, तर सरकार तो खर्च हमीदाराकडून मागू शकते. म्हणून मित्राच्या भिडेखातर सहहमीदार होऊ नये आणि आपणही कोणाला तसा आग्रह करू नये.

विद्यार्थ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. शिक्षणाचा व्हिसा वेगळा. त्याला हे हमीपत्र लागत नाही. तेथे विद्यापीठाने सांगितलेला खर्च कोठून भागणार एवढे दाखवायचे असते. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र हा तसा भक्कम पुरावा ठरतो.

चार दिवसांसाठी उसने पैसे खात्यात भरून शिल्लक फुगवून दाखविण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. मुलाखतीत खोटेपणा उघड झाल्यास पुढचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. खोटे न बोलण्याचे शील आपण दररोज ग्रहण करतो. कागदावर सही करतानाही ते पाळावे, एवढीच सर्वांना विनंती.

जय भीम!